अबोला नव्हता तो

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या गावातले सगळे मोबाईल एकदम मुके झाले आणि दुपारपर्यंत निम्मं गाव पाण्याच्या टाकीवर चढलं. टाकीवर रेंज येते ही आवई कुणी उठवली देव जाणे, पण हात वर करून उभी असलेली ती गर्दी लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की गावात पूर आलाय. मी खाली बाकावर बसून गंमत बघत होतो. मला हसू येत होतं, हे कबूल करतो. टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात ज्यानं जन्म घालवला, त्याला एवढा हक्क असावा.

लोकांना वाटतं मोबाईल हवेवर चालतो. चालतो, पण खिशापासून मनोऱ्यापर्यंतच. मनोऱ्याच्या बुडातून केबल निघते ती जमिनीखालून जाते, आणि आमच्या गावातून बाहेर जाणारी केबल एकच आहे. कंपन्या चार, मनोरे सात, जाहिराती शंभर आणि केबल एक. ती अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमच्या टोळीनं पुरली. पुरणारे वीस जण होते, पण काचेच्या त्या केसाएवढ्या तारांचे सांधे जोडणारे दोघंच. मी आणि उंट.

उंट म्हणजे माझा जोडीदार. सहा फूट तीन इंच. मी पाच फूट एक, तेही बूट घालून. खात्यात त्याला सगळे उंट म्हणत आणि मला इंची. साहेबसुद्धा हजेरी घेताना तसंच म्हणायचे. आम्ही दोघं रस्त्यानं निघालो की पोरं मागे लागायची. तीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, एका खड्ड्यात बसलो आणि एकमेकांना मनसोक्त शिव्या दिल्या. त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली. त्याची बायको, आमच्या वहिनी, मागच्या गल्लीत राहतात.

खरं सांगू, त्या मंगळवारी मला बरंच वाटत होतं. संध्याकाळी लोक पायऱ्यांवर येऊन बसले. समोरच्या घरातले दोघं भाऊ, जे एकमेकांना घरातल्या घरात मेसेज पाठवतात, ते अंगणात उभे राहून चक्क तोंडानं भांडले. माझा मुलगा रिकाम्या हातानं स्वयंपाकघरात आला, माझ्यासमोर बसला आणि दिवसभर मी काय करतो असं त्यानं विचारलं. निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला पहिल्यांदाच आला होता. कुणालाच कुणाचा नंबर पाठ नव्हता. मला अजून तीनशे नंबर पाठ आहेत. डॉक्टरांचा दोनशे चौदा, बेकरीचा तीनशे सात, शाळेचा बावीस. त्यातला एकही आता लागत नाही, ती गोष्ट वेगळी. जुनं एक्स्चेंज बंद होऊन बारा वर्षं झाली, तिथं आता कपड्यांचं दुकान आहे.

पूर्वी लाईन बंद पडली की लोक आमच्या घरी येत. उंबऱ्यात उभे राहून सांगत, मुलगी सासरी आहे, दोन दिवस आवाज नाही, जरा बघा. आम्ही शिडी घेऊन निघायचो. लाईन चालू झाली की ती बाई आमच्यासमोरच मुलीशी बोलायची आणि आम्ही चहाचे कप हातात घेऊन भिंतीकडे बघत बसायचो. माणसाला आपण लागतो, हे तेव्हा रोज कळायचं. हल्ली मला ते वर्ष-वर्ष कळत नाही. म्हणून हसत होतो, दुसरं काय.

माझं हसू संध्याकाळी साडेसहाला संपलं. वहिनींच्या शेजारीणबाई निरोप घेऊन आल्या, की भावजींना म्हणावं असाल तसे या.

वहिनी खिडकीजवळ खुर्चीत होत्या. तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली होती, पण पलंग ते खुर्ची एवढीच त्यांची मजल, तीही चौपायी काठी धरून. मांडीवर फोन उपडा पडला होता. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. या बाईंनी मला बसा म्हटलं नाही, असं कधीच झालं नव्हतं.

वहिनींना एकच भाऊ, वयानं मोठा, ऐंशीला टेकलेला. तो समुद्रापलीकडे परदेशात मुलाजवळ राहतो. गेली अकरा वर्षं रोज संध्याकाळी सहाला या भावंडांचा फोन. बोलायचं काहीच नसायचं आणि ते पाऊण तास चालायचं. हे मला ठाऊक होतं. दादा दोन महिने दवाखान्यात आहे, हेही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते सोमवारचं. सोमवारी दादा म्हणाला, आता सुया पुरे झाल्या, मी घरी चाललो. वहिनींचा तोल सुटला. त्या म्हणाल्या, तुला जायचंच असेल तर जा, मग मला फोनही करू नकोस. आणि त्यांनी फोन बंद केला. मंगळवारी सकाळी साडेनऊला भाच्याचा मेसेज आला, बाबांना घरी आणलंय, डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवस. वहिनींनी रडून घेतलं, तोंड धुतलं, आवाज ताळ्यावर आणला आणि फोन लावायला घेतला, तर फोन मेलेला.

"आमच्याकडे अबोला रक्तातच आहे, भावजी," त्या म्हणाल्या. "एकदा मी त्याच्याशी दीड वर्ष बोलले नव्हते. कारण आता आठवतही नाही. हा असाच गेला ना, तर मी रुसून बसलेय असं समजून जाईल."

मी म्हटलं, उद्या पहाटेच्या बसनं शेजारच्या शहरात जातो. साठ किलोमीटर, तिथं फोन चालू असतील. तुमच्या भाच्याला लावतो आणि सगळं सांगतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"रागानं बोलले ते माझ्या तोंडानं बोलले. ते परत दुसऱ्याच्या तोंडानं कसं घेऊ?" मग त्या म्हणाल्या, "केबल तुमचीच ना? तुमची आणि ह्यांची. मग दुरुस्त करा."

जणू शिडी दारातच लावून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत गावाबाहेर गेलो. पुलापलीकडे कंपनीची गाडी, खोदायचं यंत्र, सात-आठ माणसं आणि रस्त्याच्या कडेला दोन मोठाले खड्डे. सगळ्यांची प्रमुख एक तिशीच्या आतली इंजिनीअर बाई होती. डोक्यावर शिरस्त्राण, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. कालपासून ती झोपलेली दिसत नव्हती. मी मनात म्हटलं, झालं, आता हिला समजावण्यात दिवस जाणार. हे माझं म्हातारपणाचं शहाणपण. ते मला लगेच गिळावं लागलं.

तिच्याकडे एक यंत्र होतं. केबलच्या टोकातून ते आत उजेड सोडतं आणि उजेड कुठे अडला ते मीटरमध्ये सांगतं. यंत्र म्हणत होतं, चार हजार तीनशे ऐंशी मीटरवर. त्यांनी रस्त्यावर चाक फिरवून बरोब्बर तेवढं अंतर मोजलं आणि खोदलं, तर खाली नुसते दगड. शेजारी खोदलं, तिथंही दगड. खोदणारा म्हणत होता, यंत्र खोटं बोलतंय. खात्याचे जुने नकाशे एक्स्चेंज हलवताना रद्दीत गेले होते. कुणी घातले ते मला माहीत आहे, पण तो माणूस आता हयात नाही.

"यंत्र खरं बोलतंय," मी म्हणालो. "पण ते केबल मोजतंय. तुम्ही मोजताय रस्ता."

इंजिनीअर बाईनं वळून माझ्याकडे बघितलं. मी आपली ओळख सांगितली. आम्ही दर चेंबरमध्ये, म्हणजे जमिनीत बांधलेल्या विटांच्या चौकोनी खड्ड्यात, केबलचा लूप गुंडाळून ठेवत होतो, पुढेमागे दुरुस्तीला लागेल म्हणून. केबल त्या खड्ड्यांतून गोल फिरते, रस्ता मात्र सरळ जातो. माझं वाक्य संपायच्या आत तिनं विचारलं, तिथपर्यंत असे चेंबर किती? आठ. प्रत्येकात लूप किती? इथं मी खाकरलो. नियम दहा मीटरचा. पण उंटाचा हात सैल. मागून येणाऱ्याला कमी पडू नये, असं म्हणत तो कधी पंधरा ठेवायचा, कधी वीस. म्हणजे बिघाड त्यांच्या खड्ड्याच्या अलीकडे, ऐंशी ते एकशे साठ मीटरच्या मध्ये कुठेतरी. एवढा रस्ता उकरायचा तर दोन दिवस हवेत, आणि यंत्राच्या दाताखाली चांगली केबल आली तर दुष्काळात तेरावा महिना.

मी तिला वहिनींचं सगळं सांगितलं. दोन दिवस आमच्याकडे नाहीत, हेही सांगितलं. मग म्हणालो, माझ्याकडे डायरी आहे.

डायरी खात्याला परत करायची होती, ती मी केली नव्हती. सुनेनं ती कपाटाच्या तुटक्या पायाखाली सारली होती. कपाट कलतं करून आम्ही ती काढली. पानं पिवळी पडलेली, पण शाई शाबूत. सगळं माझ्या अक्षरात. चेंबर आठ, पुलाच्या कठड्याच्या टोकापासून एकशे बत्तीस पावलं, पुलाच्या कडेच्या रेषेत. त्या काळी टेप होती, पण ती साहेबांच्या गाडीत असायची आणि साहेब आपल्या घरी. आम्ही पावलांनी मोजायचो. पावलं कधी हरवत नाहीत, असं उंट म्हणायचा.

दुपारी दोनला मी पुलाच्या कठड्याला पाठ लावून उभा राहिलो. सगळी माणसं काम टाकून बघत होती. छाती पुढे काढून मी चालायला लागलो. तोंडानं मोजत होतो. बाजूनं रस्ता रुंद केलाय, जुनी झाडं गेलीत, पण माझे पाय मला ओळखीचे वाटत होते. एकशे बत्तीस. मी टाच आपटली आणि म्हटलं, इथं.

इथं काही नव्हतं. चार फूट खाली गेले, मग डावीकडे, मग उजवीकडे. अंधारायला लागेपर्यंत माती आणि खडी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माणसं माझ्याकडे बघायचं टाळत होती. इंजिनीअर बाई मला एक शब्द वाईट बोलली नाही, त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं. काका, तुम्ही थकलात, घरी जा, एवढंच म्हणाली. अर्धा दिवस मी घालवला होता. कुणाचा अर्धा दिवस, ते मला माहीत होतं.

घरी न जाता मी वहिनींकडे गेलो. सांगणं भाग होतं. जाताना वाटेत मी मनातल्या मनात रस्ता बांधणाऱ्याला शिव्या घातल्या, कठडा हलवला असेल असं ठरवलं, डायरीत आकडा पुसट होता असंही ठरवलं. आकडा स्वच्छ होता. नाचता येईना अंगण वाकडं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. मग विचारलं, "डायरी तुमच्या अक्षरातली?"

मी हो म्हटलं.

"आणि चालायचं कोण?"

मला प्रश्न कळला नाही.

"हे घरी यायचे ते गुडघ्यापर्यंत कुसळं घेऊन. पायऱ्यांवर बसून मी त्यांच्या विजारीतली कुसळं काढायचे, रोज अर्धा तास. तुम्ही बरोबर असायचात. तुमच्या विजारीला कधी एक कुसळ बघितलं नाही मी. तुमच्या बोटांना शाई असायची."

ते सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी केबलच्या रिकाम्या लाकडी ड्रमवर बसलोय, मांडीवर डायरी. उंट गवतातून लांब ढांगा टाकत चाललाय आणि ओरडून आकडे सांगतोय. मी लिहितोय. टोळीतले लोक मला चिडवायचे, की इंची उंटावरून शेळ्या हाकतो. मी चिडायचो आणि बसूनच राहायचो. त्या अख्ख्या मार्गावर मी एक पाऊल मोजलेलं नव्हतं. आणि अठ्ठावीस वर्षांत कधी कोण जाणे, अक्षर माझं म्हणून पावलंही माझीच, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. गावभर मीच सांगत फिरायचो, ही केबल मी मोजलीय. मला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली म्हणजे नुसती म्हणायला नाही, कान गरम झाले.

माझं पाऊल साठ सेंटीमीटरचं. त्याचं किती, हे आता कुणाला विचारणार?

मी हे मोठ्यानं म्हणालो असेन, कारण वहिनी म्हणाल्या, "अकरा."

"काय अकरा?"

"फाटकापासून पायरीपर्यंत अकरा. रोज मोजत यायचे. सवयच ती. मी आतून ऐकायचे. चौथ्या पावलाला आधण ठेवायचं, सातव्याला कप काढायचे, अकरा म्हटलं की दार उघडायचं. ह्यांना कधी कडी वाजवावी लागली नाही. आजारपणात पाऊल लहान झालं तेव्हा चौदा व्हायला लागले. तेव्हाच मला कळलं होतं काय ते. आधीचे अकरा धरा."

मी शेजाऱ्यांकडून टेप आणली. अंगणातला दिवा लावला. एक टोक फाटकाच्या खांबाला लावलं आणि टेप सोडत पायरीपर्यंत आलो. नऊ मीटर पस्तीस. भागिले अकरा, पंच्याऐंशी सेंटीमीटर. मी परत भागून बघितलं. मग टेप गुंडाळली आणि उगाचच फाटकापासून त्या ढांगा टाकून बघितल्या. माझे पाय पुरेनात. सातव्या पावलाला मी कोलमडलो आणि फुलझाडाच्या कुंडीला धरून उभा राहिलो. मला त्याची फार आठवण आली. सहा वर्षांत मी त्याच्याबद्दल बोललो पुष्कळ, पण आठवण अशी आली नव्हती. तो असता तर म्हणाला असता, इंची, शेवटी तुला चालावं लागलंच.

खिडकीतून वहिनी बघत होत्या. मी नाक पुसलं आणि तसाच बाहेर पडलो.

गुरुवारी सकाळी सातला आम्ही टेप लावली. कठड्याच्या टोकापासून एकशे बारा मीटर वीस. या वेळी इंजिनीअर बाईनं खोदायचं यंत्र लांब ठेवलं आणि पहारी आणि फावडी घेतली. पावणेनऊला फावडं दगडी फरशीवर वाजलं. तो आवाज ऐकून मी खड्ड्याच्या काठावर जाऊन वाकलो.

फरशी उचलली. मी जोडलेला सांध्याचा डबा तिथं होता. रस्त्यावर रोलर फिरला तेव्हा फरशीला तडा गेला असावा. डबा एका बाजूनं चेपून आत पाणी शिरलं होतं. शेजारी लूप गुंडाळलेला, चार ठिकाणी सुतळीनं बांधलेला. इंजिनीअर बाईनं तो मोजला. अठरा मीटर. तिच्या जोडणाऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. खराब भाग कापून टाकायला एवढी केबल हाताशी होती म्हणूनच नवीन तुकडा मागवावा लागला नाही. तो मला म्हणाला, ज्यानं ठेवली त्याचे उपकार आहेत. मी म्हटलं, सांगेन त्याला.

चोवीस तारा जोडायला दोन वाजत आले. मी हातही लावला नाही. माझे हात आता थरथरतात आणि ते काम थरथरत्या हातांचं नाही. शेवटची तार जोडली, आणि जरा वेळानं खोदणाऱ्याच्या खिशात पहिला फोन वाजला. मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. दोन दिवस एकमेकांशी बोलणारी ती माणसं एकेक करून पाठमोरी झाली आणि आपापल्या फोनवर बोलू लागली. इंजिनीअर बाईचाही फोन वाजत होता. तिनं तो बंद केला, गाडीचं दार उघडलं आणि म्हणाली, "चला काका."

वहिनींच्या मांडीवर फोन थरथरत होता. एकामागून एक मेसेज येत होते. त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

"तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "माझ्यानं होत नाही."

मी चष्मा लावला आणि क्रमानं वाचून दाखवलं. मंगळवारी संध्याकाळी सहा, भाच्याचा न लागलेला फोन. सहा पाच, पुन्हा. सहा वीस, पुन्हा. त्याखाली मेसेज, आत्या, बाबा विचारतायत, तू रागावलीस का? बुधवारी सहा वाजता दोन फोन. मग मेसेज, बाबांना सांगितलं की तुझ्या गावात नेटवर्क नाही. ते हसले. म्हणाले, नेटवर्क नाही म्हणजे रुसली.

वहिनींनी डोळे मिटले. मी पुढचा मेसेज आधी मनात वाचला, मग मोठ्यानं. तो त्याच सकाळचा होता. बाबा आता बोलत नाहीत, डोळेही उघडत नाहीत. श्वास चालू आहे. आत्या, जमलं तर फोन कर.

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या घंटेला भाच्यानं उचलला. त्याचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता. तो म्हणाला, आत्या, मी फोन त्यांच्या कानाला लावतो, तू बोल.

"दादा," वहिनी म्हणाल्या. "अबोला नव्हता रे तो. लाईन तुटली होती. खरंच तुटली होती, दोन दिवस. हे बघ, भावजी इथंच बसलेत, त्यांनी जोडली, विचार त्यांना. मी रागावले नाही. त्या दिवशी रागावले होते, पण ते तेवढ्यापुरतं. तू घरी आलास ते बरं केलंस. सुया नकोत म्हणालास ते बरोबर होतं तुझं. ऐकतोयस ना?"

पलीकडून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. मग फोन कानापासून काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आयुष्यात शेकडो उंबऱ्यांत बघितली होती.

"भावजी, त्याला ऐकू जातंय का? तुम्ही बघा. तुमचं काम आहे ते."

मी फोन घेतला. लाईन दुरुस्त केली की आम्ही आमचा चाचणीचा फोन लावून विचारायचो, ऐकू येतंय का? पलीकडून हो आलं की तक्रार मिटली. हो आल्याशिवाय सही करायची नाही, हा नियम उंटानंही कधी मोडला नव्हता. मी कान लावला. लाईन स्वच्छ होती, खरखर नाही, प्रतिध्वनी नाही. पलीकडे श्वास चालला होता. एक लांब श्वास, मग एवढा वेळ काहीच नाही की मी माझा श्वास धरला, मग पुन्हा एक. मागे कुठेतरी भाचा नाक ओढत होता.

"दादा, ऐकू येतंय का?" मी विचारलं.

मी थांबलो. एक श्वास आला. उत्तर आलं नाही. आमची हद्द त्या कानापर्यंत. कानाच्या आत काय पोचतं, ते सांगायची माझ्याकडे कुठलीच खूण नव्हती.

"जातंय, वहिनी," मी म्हणालो. "सगळं पोचतंय. बोला तुम्ही."

त्यांनी फोन घेतला आणि त्या बोलायला लागल्या.